फोन सायलेंटवर आहे, तरी रेकॉर्डिंगमध्ये टर्र-टर्र येते: बैठकीतला मोबाईलचा आवाज कसा शोधावा आणि कसा थांबवावा

मिरजेत एका जुन्या वाड्यात दर महिन्याला घरगुती बैठक होते. माजघरात जाजम, पन्नास-साठ श्रोते, दोन तानपुरे, संवादिनी, तबला. रेकॉर्डिंग माझ्याकडे असतं. मागच्या वर्षी लागोपाठ तीन बैठकांच्या रेकॉर्डिंगमध्ये एकच आवाज आला: ट-ट-टट्, ट-ट-टट्, मग लांब टर्रर्र, आणि पाच-सात सेकंदांत गायब. तिसऱ्या वेळी तो आलापात आला. गाणाऱ्या ताई मंद्र पंचमावर थांबल्या होत्या, खोलीत फक्त तानपुरे वाजत होते, आणि त्या शांततेवर ही टर्र उमटली. तो आलाप पुन्हा तसा होणार नाही, आणि माझ्याकडे त्याची एकच प्रत आहे.

तिन्ही वेळा यजमानांनी सुरुवातीला हात जोडून सांगितलं होतं, "मोबाईल कृपया सायलेंट करा." लोकांनी केलेही. तरी आवाज आला, आणि मी दर वेळी श्रोत्यांकडेच संशयाने पाहत राहिलो. खरं कारण माझ्यापासून दोन हातांवर होतं. ते सापडायला तीन महिने गेले. सांगली-मिरजेत कीर्तनं, भजनं, नाट्यसंगीताचे कार्यक्रम टिपणारे बरेच जण हाच त्रास सांगतात, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आधी आवाज ओळखा

"मोबाईलचा आवाज येतोय" असं म्हणतात तेव्हा चार वेगवेगळे प्रकार असू शकतात, आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. वर लिहिलेली तुटक टर्र ही २जीची खूण. फोन वाजण्याच्या एक-दोन सेकंद आधी ती सुरू होते, कारण घंटी वाजण्यापूर्वी फोन आणि टॉवर यांची आपसात बोलणी होतात. एकसारखी 'हूं' येत असेल तर ती बहुधा विजेची, अर्थिंगच्या फेऱ्याची (उपकरणांना दोन वाटांनी अर्थिंग मिळाल्याची). फोनमधल्या ॲपचा तानपुरा मिक्सरला दिलाय, फोन चार्जिंगला लावलाय आणि बारीक 'चीं' किंवा गुणगुण येतेय, तर चार्जर काढून पाहा. आवाज गेला तर दोष चार्जरच्या वाटेचा, रेडिओलहरींचा नाही. आणि वायरलेस माइकचा आवाज मधेच तुटत असेल तर ते प्रकरण निराळं, त्यावर शेवटी लिहितो.

कानावर विश्वास नसेल तर फाइल ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा, फक्त खराब तुकडा निवडा आणि त्याचा स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या वारंवारितेला किती आवाज आहे त्याचा आलेख, पाहा. २१७, ४३३, ६५०, ८६७ हर्ट्झला शिखरं दिसली तर २जीचा फोन. ५०, १००, १५० ला दिसली तर वीज. फसगत होते ती १०० आणि २०० हर्ट्झला. तिथे विजेचाही आवाज असतो, आणि काही ४जी-५जी पट्ट्यांवर चालणाऱ्या फोनचाही. तिथे एकच परीक्षा: जवळचे सगळे फोन फ्लाइट मोडवर टाकायचे. आवाज थांबला तर फोन, राहिला तर वीज.

हे २१७ आलं कुठून? २जीमध्ये एका वाहिनीवर आठ फोन पाळीपाळीने बोलतात. ४.६१५ मिलिसेकंदांचं एक चक्र, त्यात प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम ०.५७७ मिलिसेकंद. म्हणजे तुमचा फोन आपला रेडिओ सेकंदाला सुमारे २१७ वेळा चालू-बंद करतो. लहरी ९०० किंवा १८०० मेगाहर्ट्झच्या, त्या ऐकू येण्याचा प्रश्नच नाही. पण माइकच्या किंवा प्रीअँपच्या (माइकचा क्षीण आवाज वाढवणाऱ्या भागाच्या) पहिल्या ट्रान्झिस्टरपर्यंत त्या पोचल्या की तो ट्रान्झिस्टर जुन्या क्रिस्टल रेडिओसारखा वागतो: लहर टाकून देतो आणि तिची चालू-बंद होण्याची लय तेवढी पुढे पाठवतो. ती लय २१७ हर्ट्झची, म्हणजे थेट गळ्याच्या पट्टीतली.

गाण्याच्या भाषेत सांगतो. काळी चारला (पेटीची चौथी काळी पट्टी षड्ज धरून) गाणाऱ्या ताईंसाठी २१७ हर्ट्झ म्हणजे षड्ज आणि कोमल ऋषभ यांच्या मधली जागा. काळी एकला गाणाऱ्या बुवांसाठी तो कोमल धैवताच्या किंचित खाली पडतो. म्हणजे नुसता खरखराट नाही, चक्क एक बेसूर स्वर आहे, आणि तो तानपुऱ्याच्या जवारीतल्या स्वरांत जाऊन बसतो. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जवारीसाठी तारेखालचा दोरा केसभर सरकवून कान लावणारी माणसं या गावात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांच्यापुढे असं रेकॉर्डिंग वाजवताना मान वर होत नाही.

घरी तपासलं तर येत नाही, वाड्यात येतं

या कोड्याने मला सगळ्यात जास्त छळलं. पहिल्या बैठकीनंतर तोच माइक, तीच वायर, तोच रेकॉर्डर घरी जोडला, शेजारी फोन ठेवून मुलाला फोन लावायला सांगितला. काहीच नाही. मी निष्कर्ष काढला की माझी यंत्रणा ठीक आहे.

तो निष्कर्ष चुकीचा होता. फोन नेहमी एकाच ताकदीने बोलत नाही. टॉवर स्वच्छ दिसत असेल तर २जीचा फोन तीनेक मिलिवॅटवर काम भागवतो, सिग्नल क्षीण असेल तर तोच फोन ९०० मेगाहर्ट्झवर २ वॅटपर्यंत चढतो. माझं घर तिसऱ्या मजल्यावर, गच्चीवरून टॉवर दिसतो. वाड्याच्या भिंती दगड-मातीच्या, दोन फूट जाड, आणि बैठक आतल्या चौकापलीकडच्या माजघरात. तिथे प्रत्येक फोन ओरडूनच बोलतो. म्हणून तपासणी करायची ती कार्यक्रमाच्या जागीच. तळघरातले हॉल, पत्र्याचे मंडप, देवळांचे दगडी सभामंडप इथे हा त्रास वाढतो तो याच कारणाने.

दुसरी गोष्ट सिमची. जिओची सेवा २०१६ मध्ये सुरू झाली तीच मुळात ४जीवर, त्यांचं २जी जाळं नाही. त्यामुळे २१७ची टर्र जिओच्या सिमवरून येऊ शकत नाही. पण आपल्याकडे बहुतेकांचे फोन दोन सिमचे. एक जिओ, आणि दुसरं बँकेला जोडलेलं जुनं बीएसएनएल, एअरटेल किंवा व्हीआय. ते दुसरं सिम ४जीचा सिग्नल नसेल, किंवा सेटिंगमध्ये व्होल्टी (४जीवरूनच बोलण्याची सोय) बंद असेल, तर फोन येताच २जीवर उतरतं. "माझा फोन ५जी आहे, त्याचा आवाज कसा येईल?" असं कुणी म्हणालं तर हे समजावून सांगा. ४जीच्या फोनची ताकद साधारण ०.२ वॅटच्या पुढे जात नाही, म्हणजे २जीच्या एक दशांश, त्यामुळे व्होल्टी चालू ठेवल्यानेही बराच फरक पडतो.

अंतराचा हिशेब

ध्वनी उपकरणांची रेडिओलहरींविरुद्धची चाचणी साधारण ३ व्होल्ट प्रतिमीटर इतक्या विद्युतक्षेत्रात, म्हणजे लहरींच्या इतक्या जोरात, होते. २ वॅटचा फोन एक मीटरवर ढोबळमानाने साडेसात व्होल्ट प्रतिमीटर देतो, अडीच मीटरवर तीन. ०.२ वॅटच्या ४जी फोनला हीच पातळी गाठायला ८० सेंटीमीटरच्या आत यावं लागतं. शिवाय ट्रान्झिस्टरमधून निघणारी टर्र क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून अंतर दुप्पट केलं की ती निम्मी होत नाही, चतुर्थांश होते.

या हिशेबाने माझे डोळे उघडले. चौथ्या रांगेतले काका पाच मीटरवर बसलेत. त्यांच्या खिशातल्या फोनला मी दोष देत होतो, आणि मंचावर काय होतं? ताईंच्या गुडघ्याशी बंदिशींचे शब्द उघडलेला फोन, माइकच्या स्टँडपासून वीतभर. तबलजींच्या मांडीखाली ट्यूनरचं ॲप असलेला फोन, डग्ग्याच्या माइकपासून हातभर. आणि माझा स्वतःचा, वेळ बघायला रेकॉर्डरला टेकवून ठेवलेला. तिन्ही सायलेंटवर. सायलेंटने फक्त घंटी बंद होते, रेडिओ चालूच राहतो. कुणीही फोन उचलला नाही तरी टर्र येते, आणि कुणाचाच फोन आला नाही तरी येते, कारण टॉवरला हजेरी द्यायला फोन अधूनमधून स्वतःहून बोलतो.

तेव्हा माझा नियम: मंचावर आणि मिक्सर-रेकॉर्डरच्या तीन मीटरच्या आत चालू रेडिओचा एकही फोन नको. श्रोत्यांना सायलेंट करायला सांगायचंच, पण ते घंटीसाठी.

कलाकारांना सांगायचं कसं

तांत्रिक उपायांपेक्षा हेच जड जातं. वयाने आणि मानाने मोठ्या गायकाला रेकॉर्डिंगवाल्याने "फोन बाजूला ठेवा" म्हणणं बरं दिसत नाही, आणि ऐन स्वर लागायच्या वेळी तर नाहीच. मी ते यजमानांवर सोपवलं. चहा देताना घरच्या काकू विचारतात, "बुवा, फोन आत ठेवू का? कुणाचा आला तर आमची सूनबाई उचलेल आणि महत्त्वाचं असेल तर चिठ्ठी आणून देईल." याला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. घरी कुणी आजारी असतं, गाडीवाला बाहेर थांबलेला असतो, फोन पूर्ण बंद करायला माणूस कचरतो आणि ते रास्तच आहे. आतल्या खोलीत दहा मीटरवर चालू फोन ठेवला तर रेकॉर्डिंगला काही होत नाही.

बंदिशीसाठी, ट्यूनरसाठी किंवा तानपुऱ्याच्या ॲपसाठी फोन मंचावर हवाच असेल तर फ्लाइट मोड. ही ॲप बहुतेक इंटरनेटशिवाय चालतात, आधी एकदा उघडून खात्री करून घ्यायची. फ्लाइट मोड टाकल्यावरही ब्लूटूथ वेगळं चालू करता येतं, त्यामुळे तानपुरा ब्लूटूथ स्पीकरवर वाजत असेल तर अडचण नाही. तबलजींना मी सरळ सांगतो, "दादा, वरचं विमान तेवढं दाबा." एवढं पुरतं.

यंत्रणेतली कच्ची जागा शोधणे

फोन लांब गेले की नव्वद टक्के काम होतं असा माझा अनुभव. पण कीर्तनात, वारीच्या मुक्कामात, लग्नाच्या मंडपात लोक माइकजवळ येणारच. तिथे यंत्रणाच धडधाकट हवी.

शोध असा घ्या. २जीची सेवा असलेलं सिम घाला, फोनच्या सेटिंगमध्ये नेटवर्क 'फक्त २जी' करा, मित्राला फोन लावून बोलणं चालू ठेवा. माइकचा गेन (आवाज किती वाढवायचा ती पातळी) कार्यक्रमात असतो तितका. आता हा फोन एक फूट अंतरावरून हळूहळू फिरवा: माइकचं डोकं, माइकमधला जोड, वायरीची लांबी, पुढचा जोड, स्टेजबॉक्स, मिक्सर, रेकॉर्डर. जिथे टर्र एकदम वाढते ती कच्ची जागा. हे करताना थोडं रेकॉर्डही करा आणि फाइल नंतर दुसऱ्या यंत्रावर ऐका. पुष्कळदा आवाज हेडफोनच्या अँपमध्येच शिरलेला असतो, फाइल स्वच्छ असते. माझ्या एका जुन्या मिक्सरचं तसंच निघालं, मी उगाच माइक बदलत बसलो होतो.

सर्वांत नाजूक सापडतात ते छोटे क्लिप माइक. त्यांच्या कॅप्सूलमध्येच ट्रान्झिस्टर असतो आणि वायर बारीक, एकेरी, साडेतीन मिलिमीटरच्या पिनची. ९०० मेगाहर्ट्झची लहर ३३ सेंटीमीटरची, तिचा चतुर्थांश आठ सेंटीमीटर. एवढा उघडा तुकडा कुठेही राहिला की तो झकास अँटेना होतो. कीर्तनकार बुवांच्या उपरण्याला लावलेला क्लिप माइक आणि त्याच बाजूच्या खिशात फोन, ही जोडी मी इतक्या ठिकाणी पाहिलीये की आता पहिलं लक्ष तिथेच जातं. साधा डायनॅमिक माइक इथे सरस, त्याच्या आत ट्रान्झिस्टरच नाही.

सोल्डरिंग येत असेल तर क्लिप माइकच्या कॅप्सूलच्या दोन टोकांवर ३३ पिकोफॅरॅडचा बारीक सिरॅमिक कपॅसिटर लावता येतो, १८०० मेगाहर्ट्झसाठी सोबत १० पिकोफॅरॅडचा. पाय अगदी आखूड ठेवायचे. लांब पाय ठेवले तर त्या लहरीला तो कपॅसिटर दिसतच नाही.

रेकॉर्डरला साडेतीन मिलिमीटरची आणि एक्सएलआरची (तीन पिनांच्या मोठ्या जोडाची) अशी दोन्ही तोंडं असतील तर एक्सएलआरच वापरा. पण एक गैरसमज काढून टाका. तीन पिनांची बॅलन्स्ड वायर म्हणजे मोबाईलपासून अभय, असं नाही. दोन तारांवरचा सारखा आवाज वजा करण्याचं तिचं कसब ऐकू येणाऱ्या पट्टीत चालतं, ९०० मेगाहर्ट्झवर नाही. तिथे फक्त जाळी (तारांभोवतीचं विणलेलं धातूचं कवच) वाचवते, आणि जाळी बाहेरच्या धातूच्या पेटीला थेट जोडलेली असेल तरच. पुष्कळ उपकरणांत पिन १, म्हणजे जाळी जिला जोडतात ती पिन, पेटीला न जोडता आतल्या सर्किटच्या ग्राउंडला जोडलेली असते. मग जाळीने गोळा केलेला कचरा ती स्वतःच सर्किटमध्ये ओतते. नील मन्सी या ध्वनी अभियंत्याने १९९५ मध्ये हा दोष 'पिन १ची समस्या' म्हणून मांडला, आणि पुढे ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीने २००५ मध्ये एईएस४८ हे मानक त्यावरच काढलं. मिक्सर उघडून हे दुरुस्त करणं जाणकाराचं काम आहे. आपण करू शकतो ते असं: एक्सएलआरचे जोड उघडून जाळी तुटलेली, अर्धवट किंवा लांब शेपटी करून सोल्डर केलेली नाही ना हे पाहणे. वाड्यातल्या माझ्या डग्ग्याच्या वायरीत जाळीचे चारच केस पिनेला टिकून होते. न्यूट्रिकचे ईएमसी जातीचे एक्सएलआर मिळतात, त्यांत जाळी चारी बाजूंनी जोडाच्या कवचाला टेकते आणि आत रेडिओलहरी अडवणारं फेराइटचं कडं असतं. गायकाच्या माइकला मी तेच लावलेत.

फेराइटच्या क्लिपा वायरीवर चढवतात, त्याबद्दल थोडं. त्या उपकरणाच्या अगदी तोंडाशी लावायच्या. वायरीचे तीन-चार वेढे देण्याची सवय कमी वारंवारितेसाठी चांगली, ९०० मेगाहर्ट्झला मात्र वेढ्यांमुळे फायदा घटतो. त्यापेक्षा दोन-तीन क्लिपा ओळीने, एकेरी वायरीवर. आणि फार अपेक्षा ठेवू नका, बाजारातल्या पुष्कळ क्लिपा मुळात इतक्या उंच वारंवारितेसाठी नसतात.

थेट प्रक्षेपण आणि वायरलेस

हल्ली मिक्सरमधून फोनला वायर देऊन कार्यक्रम लाइव्ह दाखवतात. म्हणजे ओरडणारा फोन आपण स्वतःच वायरीने मिक्सरला बांधतो. तिथे फोन फ्लाइट मोडवर टाकून फक्त वाय-फाय चालू करावं, राउटर किंवा हॉटस्पॉटची डबी लांब खिडकीत ठेवावी, सिग्नलही तिथे बरा मिळतो. आणि मिक्सर-फोनच्या मधे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (विजेचा थेट जोड तोडून फक्त आवाज पुढे नेणारी डबी) घालावा, चार्जरची गुणगुण त्यानेच जाते.

वायरलेस माइक तुटत असेल तर टर्र शोधू नका, वाहिनी शोधा. २.४ गिगाहर्ट्झवर चालणारे स्वस्त संच श्रोत्यांच्या वाय-फाय आणि ब्लूटूथशी एकाच गल्लीत भांडतात. दुपारी रिकाम्या हॉलमध्ये छान चालतात आणि संध्याकाळी हॉल भरला की तुटतात. रिसीव्हर पडद्यामागे न ठेवता गायकाला दिसेल असा, जवळ ठेवा. आणि जुने संच ७०० मेगाहर्ट्झच्या आसपासचे असतील तर सावध. २०२२ च्या लिलावात तो पट्टा जिओने ५जीसाठी घेतलाय.

जॅमर बसवू का, असं एका मंडळाने विचारलं होतं. नाही. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय जॅमर वापरणं बेकायदेशीर आहे, आणि गर्दीत कुणाला चक्कर आली तर रुग्णवाहिका बोलवायलाही फोन करता येणार नाही.

आणि झालेलं रेकॉर्डिंग?

पूर्ण दुरुस्त होत नाही, हे आधीच सांगतो. २१७ हर्ट्झवर कात्री चालवली तरी ४३३, ६५०, ८६७ अशी साखळी वर जात राहते आणि ती सगळी आवाजाच्या अंगात असते. आख्ख्या फाइलवर फिल्टर लावला तर तानपुराच पोकळ होतो. मी फक्त टर्र असलेली सेकंदं निवडतो, त्यांतल्या त्यांत गाणं थांबलेल्या जागा आधी. तिथे आधीचा किंवा नंतरचा स्वच्छ तानपुऱ्याचा तुकडा, त्याच आवर्तनातला, हळुवार जोडतो. स्वर चालू असेल तिथे आयझोटोप आरएक्ससारख्या साधनातलं स्पेक्ट्रल रिपेअर एकेका रेघेवर वापरतो. ताईंच्या त्या आलापातली अकरा सेकंदं साफ करायला दोन रात्री लागल्या. मंद्र पंचमानंतरची शांतता बरीचशी परत आली, पण उजव्या तानपुऱ्याच्या खर्जाच्या एका झंकाराची शेपटी गेली ती गेलीच. मूळ फाइल मी तशीच जपून ठेवलीये.

त्या वाड्यात आता बैठकीच्या आधी अर्धा तास मी 'फक्त २जी'वाला फोन हातात घेऊन मंचाभोवती एक फेरी मारतो, मग तो फोन आणि माझा दुसराही काकूंच्या हवाली करतो. वेळ बघायला भिंतीवरचं घड्याळ आहे. त्यानंतरच्या सात बैठका स्वच्छ आल्या आहेत.